प्राप्तिकराला पर्याय : एक जुना अमेरिकी वाद

जुलै १९१३मध्ये आपल्या बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारचा प्राप्तिकर कायमचा सुरू झाला. आज तो रद्द करून दुसरे काही आणावे, अशी मागणी तिथे वारंवार होते. त्या गदारोळात एक गोष्ट नजरेआड होते. प्राप्तिकर स्वतःच पर्याय म्हणून आला होता. तो पर्याय होता जकातीला.

यादवी युद्धाच्या काळात आलेला तात्पुरता प्राप्तिकर १८७२मध्ये संपला. त्यानंतर केंद्राचा खर्च मुख्यतः आयात जकात आणि दारू-तंबाखूवरील कर यांवर चाले. जकातीमुळे कापड आणि अवजारे महाग होत. दक्षिणेचा व पश्चिमेचा शेतकरी ती किंमत मोजी, आणि रॉकफेलरच्या अफाट मिळकतीला मात्र धक्का लागत नसे. म्हणून १८९४मध्ये ४,००० डॉलरवरील उत्पन्नावर २ टक्के कर बसवण्यात आला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो घटनाबाह्य ठरवला. १९०९मध्ये घटनादुरुस्तीचा ठराव संसदेत आला, तेव्हा काही विरोधकांनीही त्याला मत दिले. घटक राज्ये तो फेटाळतील, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. फेब्रुवारी १९१३मध्ये सोळावी दुरुस्ती मंजूर झाली. पहिला दर १ टक्का होता. पाच लाख डॉलरपुढच्या मिळकतीवर अधिभार धरून ७ टक्के.

पण या लढाईत एक तिसरा पक्षही होता, आणि मला तोच अधिक विलक्षण वाटतो. हेन्री जॉर्ज हा कॅलिफोर्नियात छापखान्यात आणि वृत्तपत्रांत काम केलेला, फारसे शालेय शिक्षण नसलेला माणूस. रेल्वे आली की जमिनीचे भाव चढतात, मालक काहीही न करता श्रीमंत होतो आणि मजुराची चाळ तशीच राहते, हे त्याने पाहिले. १८७९च्या ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात त्याने सांगितले की जमिनीच्या नुसत्या जागेचे जे भाडे समाजामुळे वाढते, तेवढेच सरकारने घ्यावे आणि बाकी सगळे कर काढून टाकावेत. घर बांधले, विहीर खणली, तर त्यावर कर नाही. १८८६मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या निवडणुकीत तो दुसरा आला. तिसऱ्या क्रमांकावर होते थिओडोर रूझवेल्ट.

१८९०मध्ये साराटोगाच्या सभेत जॉर्जच्या समोर उभे राहिले कोलंबिया विद्यापीठाचे एडविन सेलिग्मन. त्यांचा आक्षेप साधा होता : जमीन हे ऐपतीचे माप नव्हे. कर्जात बुडालेल्या छोट्या शेतकऱ्याकडे जमीन असते, आणि कोट्यवधींचे रोखे बाळगणाऱ्याकडे ती नसेलही. कर माणसाच्या ऐपतीकडे पाहून घ्यावा. याच विचाराने त्यांनी पुढे प्राप्तिकराची बाजू लावून धरली आणि १९११मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. दोन वर्षांनी बडोद्याचा विद्यार्थी त्यांच्याच वर्गात जाऊन बसला.

नंतरची हकिकत थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मूठभरांचा असलेला हा कर सर्वसामान्यांचा झाला. १९४३पासून तो पगारातूनच कापला जाऊ लागला. ती कपात आखणाऱ्यांत मिल्टन फ्रीडमन होते, आणि त्यांनीच १९६२मध्ये सर्वांना एकच दर लावा, असे सुचवले. १९८०च्या दशकात हॉल आणि राबुश्का यांनी पोस्टकार्डावर मावेल असे विवरणपत्र मांडले. १९९९पासून ‘फेअर टॅक्स’चे विधेयक संसदेत येत राहिले : प्राप्तिकर बंद, किरकोळ विक्रीवर २३ टक्के, आणि प्रत्येक कुटुंबाला दरमहा ठरावीक परतावा. हे २३ टक्के जरा निरखून पाहावेत. शंभर डॉलरच्या बिलात ७७ किंमत आणि २३ कर, असा तो हिशेब आहे. आपल्या मंगळबाजारातला दुकानदार ७७ वर २३ मोजील आणि जवळपास ३० टक्के सांगेल. शिवाय सगळी कमाई खर्चून टाकणारा आणि निम्मी शिलकीत टाकणारा यांच्यावरचा भार यात सारखा राहत नाही. परतावा ही तक्रार तळाशी मिटवतो, मध्यमवर्गापाशी नाही. अलीकडे डोनाल्ड ट्रम्प यांनी जकातीच्या बळावर प्राप्तिकर हटवण्याची भाषा केली; म्हणजे वाद पुन्हा १८९४च्या उंबरठ्यावर.

आता त्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आंबेडकरांचा प्रबंध १९२५मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीराव महाराजांना. फेब्रुवारी १९२७मध्ये मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना आंबेडकरांनी प्राप्तिकर आणि शेतसारा शेजारी ठेवले. वर्षभरात मिळकत झाली नाही तर प्राप्तिकर भरावा लागत नाही. शेतकऱ्याला मात्र पीक येवो वा बुडो, सारा चुकत नाही. शेत दोन गुंठ्यांचे की दोनशे एकरांचे, हेही सारा विचारत नाही. हा हेन्री जॉर्जचा कर नव्हे, हे मान्य. त्याला जागेचे भाडे हवे होते, पीक नको होते. पण सेलिग्मन यांनी साराटोगाला उभा केलेला कर्जबाजारी शेतकरी सदतीस वर्षांनी मुंबईच्या सभागृहात आला, आणि त्याची वकिली करणाऱ्याच्या शिक्षणाचा खर्च आपल्या बडोद्याच्या तिजोरीतून झाला होता. त्या तिजोरीतही शेतसाराच जमा होत असे.