टोपोआयसोमरेझ आणि यीस्टची राइबोसोमी जनुके

टोपोआयसोमरेझ : डीएनएचे पेड कापून, त्यातला पीळ कमी-जास्त करून ते पुन्हा सांधणारी विकरे. जेम्स वांग यांनी 1971 मध्ये ई. कोलाय जीवाणूतले असे पहिले विकर नोंदवले. या विकरांचे काम सर्वांत उघड दिसते ते पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या राइबोसोमी जनुकांवर.

ही जनुके बाराव्या गुणसूत्रावर ओळीने बसलेली असतात. साधारण 150 ते 200 प्रती, प्रत्येक सुमारे 9,100 बेसजोड्यांची. त्यांतल्या निम्म्याच चालू असतात. पण चालू जनुकावर ते वाचून आरएनए बनवणाऱ्या आरएनए पॉलिमरेझ-1 या विकराचे पन्नासेक रेणू एकामागोमाग धावत असतात. डीएनएचा एक वेढा साडेदहा जोड्यांचा, म्हणजे जनुक वाचून होईतो प्रत्येक रेणू सहाशेहून जास्त वेढे ओलांडतो. मागे वाढता आरएनए आणि त्याला चिकटलेली प्रथिने लोंबत असल्याने त्याला डीएनएभोवती गिरक्या घेता येत नाहीत. मग डीएनएलाच फिरावे लागते : पुढचा पीळ आवळतो, मागचा सैलावतो. ल्यू आणि वांग यांनी 1987 मध्ये हे मांडले.

यीस्टमध्ये हा ताण प्रामुख्याने दोन विकरे उतरवतात. टॉप1 एकच पेड कापते. टॉप2 दोन्ही पेड कापून त्या फटीतून दुसरा दुपेडी भाग आरपार नेते. त्यासाठी एटीपी हे पेशीचे इंधन खर्चते. टॉप1 नसले तरी यीस्ट जगते. टॉप2 वाचून मात्र मरते, कारण विभाजनाच्या वेळी एकमेकांत अडकलेले जुळे डीएनए सुटत नाहीत. राइबोसोमी आरएनए बनवण्यापुरते दोहोंपैकी एक असले तरी निभावते, म्हणून ती परस्परांची बदली कामगार समजली गेली. ही समजूत अर्धीच खरी. 2011 मध्ये जनुके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पसरून पाहिली, तेव्हा टॉप1 नसलेल्या पेशींत पॉलिमरेझच्या मागे पेड सुटून बुडबुडे आलेले दिसले, तरी पॉलिमरेझची चाल मंदावली नव्हती. टॉप2 निकामी केल्यावर मात्र ती रेंगाळली. म्हणजे पुढचा आवळ मुख्यतः टॉप2 काढते आणि मागची सैल टॉप1 सावरते. दोन्ही नसली तर जनुक शेवटपर्यंत वाचलेच जात नाही.

सर्वांत विलक्षण निरीक्षण किम आणि वांग यांचे, 1989 चे. दोन्ही विकरे दुबळी केलेल्या यीस्टमध्ये निम्म्याहून अधिक राइबोसोमी डीएनए गुणसूत्रातून निखळून सुट्या वर्तुळांच्या रूपात हिंडत होता; कोणतेही एक विकर परत पुरवताच वर्तुळे पुन्हा गुणसूत्रात जाऊन बसली.

एका औषधी द्रव्याचे लक्ष्यही यीस्टनेच दाखवून दिले. टॉप1 ला कापलेल्या अवस्थेतच अडकवणारे कॅम्प्टोथेसिन हे ते द्रव्य 1966 मध्ये मन्रो वॉल आणि नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळे केले. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही ते असते. टॉप1 चे जनुक काढून टाकलेल्या यीस्टवर हे द्रव्य चालत नाही. त्याचे लक्ष्य टॉप1 च, याचा हा सर्वांत स्वच्छ पुरावा; आणि त्याच्यापासून घडवलेली टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे कर्करोगावर वापरली जातात.