गवताच्या काढ्यापासून सिग्मापर्यंत

अन्न संपत आले की काही जीवाणू जाड आवरणांत स्वतःला बंद करून बीजाणू होतात आणि उकळत्या पाण्यातही तग धरतात, हे ब्रेस्लाऊचे वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोह्न यांनी १८७६ मध्ये गवताच्या काढ्यात वाढणाऱ्या बॅसिलस सब्टिलिसवरून दाखवले आणि त्याच वर्षी, कोह्न यांच्याच नियतकालिकात, रॉबर्ट कॉख यांनी काळपुळीच्या जीवाणूचे जीवनचक्र मांडले. हे रूपांतर त्यानंतर कित्येक दशके बारकाईने पाहिले गेले, मात्र ते घडवून कोण आणतो, हे विचारण्यासाठी लागणारी संकल्पनाच हाती नव्हती.

ती १९६१ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रान्स्वा जाकोब व झाक मोनो यांनी दिली. जनुकांचे कार्य नियामक रेणूंच्या ताब्यात असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९६९ मध्ये आतड्यातील एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूत ‘सिग्मा’ नावाचे प्रथिन सापडले. जनुकाची आरएनए-प्रत उतरवणाऱ्या पॉलिमरेज या विकराला जनुकाचा आरंभ कोठे आहे हे सिग्मामुळेच ओळखता येते, आणि म्हणून सिग्मा बदलला तर जनुकांचा सबंध गट एकदम जागा होईल, हा तर्क बीजाणूच्या अभ्यासकांना मोहवणारा ठरला.

हार्वर्डमध्ये रिचर्ड लोसिक व विल्यम हाल्डेनवांग यांनी १९७९ मध्ये बॅसिलसमधून ३७,००० डाल्टन रेणुभाराचा नवा सिग्मा वेगळा केला आणि बीजाणू घडवणारा सिग्मा तो हाच, असे वाटले, पण तो नसतानाही बीजाणू तयार होतात आणि त्याचे खरे काम उष्णता, क्षार अशा ताणांना तोंड देण्याचे आहे, असे पुढे दिसून आले. हा चुकलेला अंदाज इतिहासातून गाळणे योग्य नाही, कारण त्याच पद्धतीने १९८१ मध्ये खराखुरा बीजाणू-सिग्मा हाती लागला, ज्याला आज सिग्मा-ई म्हणतात.

तरीही एकामागून एक सिग्मा येतो, एवढ्याने चित्र पुरे होत नव्हते, कारण बीजाणू बनताना पेशी दोन असमान भागांत विभागते आणि लहान भाग बीजाणू होतो, तर मोठी मातृपेशी त्याला पोटात घेऊन पोसते. लहान भागात आधी सिग्मा-एफ व नंतर सिग्मा-जी, तर मातृपेशीत आधी सिग्मा-ई व नंतर सिग्मा-के काम करतात, आणि एका बाजूचा संकेत पोहोचल्याशिवाय दुसऱ्या बाजूचे पाऊल पुढे पडत नाही; सिग्मा-ई तर निष्क्रिय रूपात तयार होऊन लहान भागाच्या संकेताची वाट पाहत असतो.

यांतील सर्वांत विलक्षण शोध १९८९ मध्ये लागला. बॅसिलस सब्टिलिसमध्ये सिग्मा-केचे जनुक दोन तुकड्यांत विभागलेले असते आणि मधला सुमारे ४८,००० बेस-जोड्यांचा डीएनए केवळ मातृपेशीतच कापून काढला जाऊन ते अखंड होते. गुणसूत्राची ही मोडतोड पुढच्या पिढीत उतरत नाही, कारण बीजाणू पक्व झाल्यावर मातृपेशी फुटून नष्ट होते आणि बीजाणूतील गुणसूत्र होते तसेच राहते.