जुन्या फोटोत उजेड कुठून आला?

जुन्या फोटोत कोण दचकलंय, कोण निवांत बसलंय, हे बघून आपण पटकन अर्थ लावतो. पण त्याआधी विचारायला हवं, की खोलीत उजेड कुठून आला?

१८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर तयार झाली. न्यूयॉर्कचा पत्रकार जेकब रीस ती घेऊन रात्री गरीब वस्तीतल्या अंधाऱ्या खोल्यांत शिरला. पावडर पेटली की भक्कन उजेड आणि मागोमाग धूर. माणसं दचकायची, डोळे दिपायचे.

आता एरिख सालोमन बघा. १९२८ पासून तो युरोपातल्या राजकीय परिषदांत फ्लॅशशिवाय फोटो काढू लागला. त्याच्या एर्मानॉक्स कॅमेऱ्याची लेन्स एफ १.८ ची, म्हणजे एफ ४ च्या जवळपास पाचपट प्रकाश आत घेणारी. तरी काचेच्या प्लेटा मंद असल्याने शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागे; हललेला माणूस पुसट येई. शिवाय एवढ्या उघड्या लेन्समध्ये फोकसचा पट्टा अरुंद. एक चेहरा स्पष्ट, मागचे धूसर.

मग रीसच्या फोटोतली भेदरलेली नजर गरिबीची, की फ्लॅशची? सालोमनच्या फोटोतली धूसर माणसं परिषदेत दुय्यम होती, की नुसती फोकसबाहेर?

फोटो पुरावा म्हणून वापरणार असाल तर कॅमेरा, लेन्स, प्रकाश यांची नोंद आधी करा. चेहऱ्यांचा अर्थ त्यानंतर.