सक्रिय दीर्घिका : क्ष-किरणांतील चढउतार व परावर्तन

सक्रिय दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराच्या अगदी जवळून क्ष-किरण बाहेर पडतात आणि त्यांची तीव्रता सतत बदलत असते. त्यांतले काही थेट आपल्यापर्यंत येतात. उरलेल्यांपैकी बरेच कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीवर आपटतात आणि बदललेला वर्णपट घेऊन, थोडे उशिरा पोहोचतात. हे चढउतार आणि हे परावर्तन यांचा एकत्र विचार केला, तरच त्या प्रदेशाची रचना उलगडू लागते.

सेफर्ट या प्रकारच्या सक्रिय दीर्घिकांमध्ये हा प्रदेश आकाशात इतका सूक्ष्म दिसतो की कोणत्याही दुर्बिणीला त्याचे चित्र घेता येत नाही. अंतर मोजायचे ते वेळेवरूनच. सूर्याच्या १० लाख पट वस्तुमानाच्या कृष्णविवराची गुरुत्वीय त्रिज्या, म्हणजे वस्तुमानावरून ठरणारे लांबीचे माप, सुमारे १५ लाख किलोमीटर भरते आणि प्रकाश ती ५ सेकंदांत ओलांडतो. क्ष-किरणांची तीव्रता काही मिनिटांत दुपटीने वाढत असेल, तर त्यांचा उगम प्रकाशाच्या तेवढ्या मिनिटांच्या प्रवासाहून फारसा मोठा असू शकत नाही. हे चढउतार नियतकालिक नसतात. मंद बदल मोठे, जलद बदल लहान, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. कृष्णविवर जितके जड, तितके ते संथ होतात. इयन मॅकहार्डी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की वस्तुमान आणि वायू आत पडण्याचा दर विचारात घेतल्यास आपल्या आकाशगंगेतील ताऱ्याएवढ्या वस्तुमानाची कृष्णविवरे आणि सक्रिय दीर्घिकांतील महाकाय कृष्णविवरे एकाच नियमात बसतात.

तबकडी मुख्यतः अतिनील व दृश्य प्रकाश देते. तिच्या आतल्या भागाजवळ सुमारे १०० कोटी केल्व्हिन तापमानाच्या इलेक्ट्रॉनांचे प्रभामंडल असते. तबकडीचे प्रकाशकण त्या इलेक्ट्रॉनांकडून ऊर्जा घेतात आणि त्यांचे क्ष-किरण होतात. यांतले जे तबकडीकडे परततात, ते लोहाच्या अणूतील सर्वांत आतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात. त्याच्या जागी वरचा इलेक्ट्रॉन उतरताना ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा बाहेर पडते. त्याहून वरच्या ऊर्जेला, २० ते ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, वर्णपटात एक फुगवटा येतो. जपानच्या गिंगा उपग्रहाच्या निरीक्षणांतून केन पाउंड्स व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सेफर्ट दीर्घिकांत या खुणा दाखवल्या.

पुढची कलाटणी एमसीजी-६-३०-१५ या नरतुरंग तारकासमूहातील दीर्घिकेने दिली. आस्का उपग्रहाने १९९४ मध्ये तिचे चार दिवसांहून अधिक काळ निरीक्षण केले. यासुओ तनाका व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णपटात लोहाची रेषा प्रकाशवेगाच्या सुमारे एक तृतीयांश वेगाइतकी पसरलेली होती आणि तिची एक बाजू कमी ऊर्जेकडे लांबवर ओढली गेली होती. डॉप्लर परिणाम आणि गुरुत्वीय ताम्रसृती यांचा हा एकत्रित ठसा होता. मात्र या दीर्घिकेने एक कोडेही घातले. थेट येणारे क्ष-किरण दुपटी-तिपटीने बदलत असताना परावर्तित भाग जवळजवळ स्थिर राहत होता. जोव्हानी मिनियुट्टी व अँड्र्यू फेबियन यांनी त्याचा उलगडा गुरुत्वामुळे प्रकाश वळण्यातून केला : उगम कृष्णविवराजवळ सरकला की बहुतेक किरण वळून तबकडीवरच पडतात, आपल्याला उगम मंद दिसतो, तबकडीला मात्र पूर्वीइतकाच प्रकाश मिळतो. हा उलगडा सुंदर आहे, पण एकमेव नाही. लान्स मिलर, जेन टर्नर व जेम्स रीव्ह्ज यांनी २००८ मध्ये तोच वर्णपट आणि तेच बदल वाटेतल्या वायूच्या शोषणाने समजावले. नुसत्या वर्णपटावरून हा वाद मिटणे कठीण होते.

उशीर मोजता आला तेव्हा पारडे परावर्तनाकडे बरेच झुकले. एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीच्या दीर्घ निरीक्षणातून फेबियन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १एच ०७०७-४९५ या दीर्घिकेत परावर्तित किरण थेट किरणांच्या सुमारे ३० सेकंद मागे असल्याचे दाखवले. म्हणजे उगम तबकडीपासून काही गुरुत्वीय त्रिज्यांच्याच अंतरावर होता. २०१२ मध्ये एनजीसी ४१५१ मध्ये खुद्द लोहाच्या रुंद रेषेतही असा उशीर सापडला.

लोहाच्या रेषेच्या रुंदीवरून कृष्णविवराच्या परिवलनाचा अंदाज करता येतो. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती सर्वांत आतली स्थिर कक्षा ६ गुरुत्वीय त्रिज्यांवर असते; वेगाने फिरणाऱ्याभोवती, तबकडी त्याच दिशेने फिरत असल्यास, ती जवळजवळ १ पर्यंत येते आणि रेषा अधिक रुंद होते. गुइदो रिसालिती व सहकाऱ्यांनी नूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणींच्या एकत्रित निरीक्षणांतून २०१३ मध्ये एनजीसी १३६५ मधील कृष्णविवर अतिवेगाने फिरत असल्याचे दाखवले. तरीही परिवलनाचे असे आकडे वाचताना तबकडीची घनता, लोहाचे प्रमाण आणि प्रभामंडलाचा आकार यांविषयी काय गृहीत धरले आहे, हे आधी पाहावे.

भारताचा अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह २०१५ मध्ये अवकाशात गेला. त्याच्या प्रमुख क्ष-किरण उपकरणांच्या घडणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे आणि पुण्याच्या आयुकामध्ये त्याच्या निरीक्षणांतून सक्रिय दीर्घिकांचा अभ्यास होतो. अतिनील व क्ष-किरण एकाच वेळी टिपण्याची त्याची क्षमता इथे विशेष मोलाची, कारण तबकडी आणि प्रभामंडल यांपैकी कोण आधी बदलते हे त्यावरून तपासता येते. २०२३ मध्ये सोडलेल्या जपानच्या एक्सरिझम उपग्रहावरील वर्णपटमापक सुमारे ५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक ओळखतो. त्यामुळे दूरच्या वायूतून येणारी लोहाची अरुंद रेषा आतल्या तबकडीच्या रुंद रेषेपासून वेगळी काढता येते.