एक पुस्तक, अनेक कपाटे
(प्रस्तावना)

मराठी कथा-कादंबरीचे वर्गीकरण हा विषय रूक्ष आहे, असा समज रूढ आहे. तो खोटा ठरवायला अहिल्यानगर जिल्ह्याबाहेर पाऊल टाकण्याचीही गरज नाही.

दया पवारांचे 'बलुतं' हातात घ्या. अकोले तालुक्यातील धामणगावात जन्मलेल्या या लेखकाचे हे पुस्तक १९७८ साली 'ग्रंथाली'ने प्रसिद्ध केले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ती ऐकणारा असतो दया पवार. माणूस एकच, पण सांगणारा आणि ऐकणारा असे त्याचे दोन भाग केलेले. ही युक्ती कादंबरीकाराची आहे, मजकूर मात्र अंगावरून गेलेल्या आयुष्याचा. मग दाखल-नोंदवहीत याला आत्मचरित्र म्हणायचे की कथात्म लेखन? समीक्षकांनी 'आत्मकथन' हा वेगळा शब्द रूढ केला आणि पुस्तक 'दलित साहित्य' या विभागात गेले. त्यात महारवाडा आहे, गावकी आहे, खेड्यातली उतरंड आहे. असे असूनही 'ग्रामीण साहित्या'च्या याद्यांत ते सहसा दिसत नाही.

या अभ्यासाची खरी मेख इथेच आहे. 'ग्रामीण' हे नाव कथा कुठे घडते ते सांगते, तर 'दलित' हे नाव कोणाच्या अनुभवातून आणि कोणत्या जाणिवेने लिहिले ते सांगते. 'ऐतिहासिक' आणि 'पौराणिक' ही नावे साहित्याचा विषय दाखवतात. 'रहस्यकथा', 'भयकथा' ही नावे वाचकाच्या मनावर होणाऱ्या परिणामावरून पडली आहेत आणि 'लघुकथा', 'दीर्घकथा' ही निव्वळ लांबीवरून. प्रश्न इतके वेगवेगळे असताना त्यांची उत्तरे आपण एकाच यादीत एकाखाली एक लिहितो आणि पुस्तक दोन ठिकाणी बसते म्हणून गोंधळतो. गोंधळ पुस्तकात नाही, यादीत आहे. पुढची सगळी प्रकरणे या एका मुद्द्यावर उभी आहेत.

हा गुंता नवा नाही. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली आले. पहिली मराठी कादंबरी म्हणून आपण त्याचे नाव घेतो, पण त्याच्या पूर्ण शीर्षकात हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे 'निरूपण' असा शब्द आहे. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि वाटेत विधवांच्या हकीकती तिच्या कानावर येत जातात. म्हणजे हे प्रवासवर्णन आहे, समाजसुधारणेचा प्रबंध आहे आणि धर्मप्रसाराचे पुस्तकही आहे. ज्या मिशनरी वातावरणात असे लेखन वाढले, त्याचे एक मोठे ठाणे नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, होते. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरहूनच सुरू झाले. पुढे १८६१ मध्ये हळब्यांची अद्भुतरम्य 'मुक्तामाला' आली आणि १८७१ मध्ये गुंजीकरांची ऐतिहासिक 'मोचनगड'. काही काळ नगरच्या महाविद्यालयात शिकवलेल्या भालचंद्र नेमाड्यांनी या तीन पुस्तकांपासून मराठी कादंबरीच्या तीन वाटा दाखवल्या. ही मांडणी मला आजही मोलाची वाटते, कारण ती लेखकाचा वास्तवाशी असलेला संबंध विचारते. पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर ती थांबत नाही.

१९९७ मध्ये नगरला ७०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष ना. सं. इनामदार होते. त्यांची 'राऊ' आपण निःशंकपणे ऐतिहासिक कादंबरीत ठेवतो. पण देवघेवीच्या टेबलाशी येणारे कितीतरी वाचक ती बाजीराव-मस्तानीची प्रेमकथा म्हणून मागतात. त्यांचेही बरोबरच आहे.

जिल्ह्यातलेच आणखी एक उदाहरण रंगनाथ पठाऱ्यांचे. संगमनेरला महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेल्या या लेखकाची 'सातपाटील कुलवृत्तांत' ही कादंबरी श्रीरामपूरच्या 'शब्दालय'ने २०१९ साली काढली. कुलवृत्तांत आपल्या घरांतून असतात. मूळ पुरुष, मूळ गाव, शाखा, वंशावळ असा त्यांचा साचा, आणि त्यात कल्पनेला जागा नाही. पठाऱ्यांनी तोच साचा उचलला आणि एका घराण्याच्या कित्येक शतकांची कथा त्यात रचली. केवळ शीर्षक वाचून नोंद करणारा तिला वंशेतिहासात टाकील, तर केवळ काळ पाहणारा ऐतिहासिक कादंबरीत. मला विचाराल तर या पुस्तकाचे मोठेपण या दोन्ही नोंदी अपुऱ्या पडण्यातच आहे.

वर्गवारीतून प्रतिष्ठेची उतरंड तयार झाली, हे मराठीचे मोठे नुकसान आहे. बाबूराव अर्नाळकर आणि नारायण धारप हे कैक घरांतले पहिले लेखक, पण रहस्यकथा किंवा भयकथा हा शिक्का बसताच समीक्षेने त्यांच्याकडे पाठ फिरवली. रत्नाकर मतकरी आपल्या कथांना आग्रहाने 'गूढकथा' म्हणत राहिले, तेव्हा त्यामागे या शिक्क्याची जाणीव होती असे मी मानतो. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. नाव बाजूला ठेवून कथा वाचली गेली आणि तिला बक्षीस मिळाले.

ग्रंथालयाची व्यावहारिक अडचण मात्र खरी आहे. पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहते. ड्यूईच्या पद्धतीत मराठी कथात्म साहित्य सगळेच ८९१.४६३ या क्रमांकात येते, त्यामुळे 'राऊ' आणि अर्नाळकर शेजारी बसतात. रंगनाथनांच्या द्विबिंदू पद्धतीने भाषा, रूप, लेखक असे पैलू सुटे करून दाखवले. तीच दिशा पुढे नेली पाहिजे. फळी एकच असू द्या, पण तालिकेत एका पुस्तकाच्या चार-पाच नोंदी हव्यात: स्थळ, काळ, रूप, जाणीव आणि परिणाम यांच्या स्वतंत्र.

वाचकांना एकच विनंती. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी ज्या कादंबरीचे नाव दिले आहे ती आधी वाचा, तिचे वर्गीकरण स्वतः करून वहीत लिहा आणि मगच प्रकरण उघडा. आमच्याशी मतभेद झाला तर आपली नोंद खोडू नका.