गोल्डफिंगर : चित्रपटसंगीत आणि शीर्षकगीत

‘गोल्डफिंगर’ या १९६४ सालच्या ब्रिटिश हेरपटासाठी जॉन बॅरी (१९३३–२०११) यांनी रचलेले वाद्यवृंदसंगीत आणि त्यातील शीर्षकगीत. गीतकार लेस्ली ब्रिकस व अँथनी न्यूली, गायिका शर्ली बॅसी. इयान फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या जेम्स बाँड मालेतला हा तिसरा चित्रपट. दिग्दर्शक गाय हॅमिल्टन, निर्माते हॅरी सॉल्ट्झमन व अल्बर्ट ब्रोकोली. बाँडपटाचे संगीत म्हटले की आज जे कानात वाजू लागते, ते झगझगीत, धोक्याची चाहूल देणारे आणि थोडे माजोरी संगीत खऱ्या अर्थाने इथे आकाराला आले.

त्याआधीची दोन वर्षे बॅरी या मालेत अर्ध्या अधिकारानेच वावरत होते. ‘डॉ. नो’ (१९६२) या पहिल्या चित्रपटाचे संगीतकार होते माँटी नॉर्मन. त्यांच्या बाँड-धुनेची वाद्यरचना मात्र बॅरी यांनी केली आणि व्हिक फ्लिक यांच्या गिटारीने ती जगभर पोचवली. या धुनेचे मूळ भारतीय माणसाला जवळचे वाटावे असे आहे. त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या कुटुंबाची कथा सांगणाऱ्या, व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवर एक संगीत नाटक करायचे घाटत होते. त्यासाठी केलेली एक चाल नॉर्मन यांनी बाँडसाठी वापरली. पुढच्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३) मध्ये पार्श्वसंगीत बॅरी यांचे, पण शीर्षकगीत लायोनेल बार्ट यांचे होते. ‘गोल्डफिंगर’मध्ये शीर्षकगीत आणि पार्श्वसंगीत अशी दोन्ही कामे प्रथमच बॅरी यांच्याकडे आली, आणि या संगीताचे सगळे बळ त्यातच आहे. गाण्याची चाल शीर्षकांपुरती न राहता चित्रपटभर मुरली.

बॅरी हे यॉर्क शहरातले. वडिलांची चित्रपटगृहे होती, त्यामुळे लहानपण पडद्यासमोरच गेले. यॉर्क मिन्स्टर या कॅथीड्रलचे ऑर्गनवादक फ्रान्सिस जॅक्सन यांच्याकडे त्यांनी संगीताचे धडे घेतले, लष्करात ट्रम्पेट वाजवला आणि १९५७ मध्ये ‘जॉन बॅरी सेव्हन’ हा बँड काढला. सिम्फनी ऑर्केस्ट्राची शिस्त, जॅझ बिग बँडचा दणका आणि पॉप गाण्याचा सुटसुटीतपणा या तिन्ही गोष्टी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. ‘गोल्डफिंगर’मध्ये त्या एकजीव झाल्या.

शीर्षकगीतासाठी हॅमिल्टन यांनी बॅरी यांच्यापुढे नमुना ठेवला तो कुर्ट वाइल यांच्या ‘मॅक द नाइफ’चा, म्हणजे एका खुन्याविषयीच्या गाण्याचा. त्यामुळे हे गाणे नायकाची आरती न होता खलनायकाविषयी दिलेला इशारा झाले. सोन्यापायी माणसे मारणाऱ्या ऑरिक गोल्डफिंगरपासून दूर राहा, असे एक स्त्री दुसऱ्या स्त्रीला बजावते आहे. चालीचे पहिले तीन स्वर ऐकताच ब्रिकस व न्यूली या दोघांनी ‘मून रिव्हर’ या गाजलेल्या गाण्याची पुढची ओळ गाऊन दाखवली, असा किस्सा सांगितला जातो. साम्य आहेच, पण ते त्या तीन स्वरांतच संपते. त्या तीन स्वरांवर खलनायकाचे नाव बसवले आहे. ते उच्चारून होते न होते तोच ट्रम्पेट आणि ट्रोम्बोनचा ताफा ‘वाऽ-वाऽ’ असे उत्तर देतो. हा आवाज वाद्याच्या तोंडाशी झाकण धरून ते उघड-मीट करत काढतात. जॅझमध्ये ही युक्ती जुनी आहे आणि बहुतेक वेळा मिश्किलपणासाठी वापरली जाते. इथे तीच दात विचकल्यासारखी ऐकू येते.

बॅसी यांची निवड बॅरी यांनीच केली. आधीच्या दौऱ्यांत त्यांनी बॅसींच्या वाद्यवृंदाचे संचालन केले होते, त्यामुळे त्या गळ्याची ताकद त्यांना नेमकी ठाऊक होती. वेल्समधील कार्डिफच्या टायगर बे या बंदरवस्तीत १९३७ मध्ये जन्मलेल्या बॅसी रंगमंचावर वाढलेल्या गायिका. शब्द चावून, फेकून, शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोचवण्याची त्यांना सवय होती. ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९६४ मध्ये लंडनच्या बेझवॉटर भागातल्या सीटीएस स्टुडिओत झाले. रॉबर्ट ब्राउनजॉन यांनी केलेली शीर्षके पडद्यावर चालू होती. त्यांत सोनेरी रंगाने माखलेल्या स्त्रीदेहावर चित्रपटातली दृश्ये प्रक्षेपित केलेली आहेत. शीर्षके संपेपर्यंत शेवटचा स्वर धरून ठेवायचा, असे ठरले होते, आणि नावे तर येतच राहिली. श्वास पुरावा म्हणून आपण अंतर्वस्त्र काढून ठेवले आणि मग गायलो, असे बॅसी यांनी मुलाखतींत सांगितले आहे. तो स्वर आजही ऐकावा. तो गोड करण्याचा प्रयत्नच त्यांनी केलेला नाही. तो ताणला जातो, कडेला किंचित फाटतो आणि तरीही खाली येत नाही. न्यूली यांनी गायलेला कच्चा नमुना १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो दबक्या आवाजातला आहे आणि त्याच्याशी तुलना केली की बॅसींनी गाण्यात किती भर घातली हे लगेच कळते.

सॉल्ट्झमन यांना हे गाणे मुळीच आवडले नव्हते. पण प्रदर्शन तोंडावर आल्याने बदलायला सवड उरली नाही, आणि गाणे वाचले.

पार्श्वसंगीतात हीच चाल वेगवेगळ्या वेषांत येते. स्वित्झर्लंडच्या घाटातून बाँडची ॲस्टन मार्टिन मोटार धावते तेव्हा ती तंतुवाद्यांवर सैलावते, इतकी की क्षणभर ती खलनायकाची आहे हे विसरायला होते. शीर्षके संपताच मायामीच्या किनाऱ्यावर उघडणाऱ्या दृश्याला बिग बँडचा ठसका आहे. गोल्डफिंगरचा अंगरक्षक ऑडजॉब आणि सोन्याने घेतलेले बळी यांच्याभोवती धातूच्या वाद्यांचा थंड किणकिणाट ऐकू येतो. धातूची चमक आणि गारवा दोन्ही कानांनी जाणवावेत, यापेक्षा नेमकी वाद्ययोजना सुचणे कठीण. लेसर किरण बांधलेल्या बाँडकडे सरकत जातो त्या प्रसंगी बॅरी घाई करत नाहीत. एकच लहानसा आकृतिबंध फिरून फिरून येतो, दर वेळी थोडा अधिक भरीव होऊन.

या संगीताचा कळस मात्र अमेरिकेच्या सोन्याचे कोठार असलेल्या फोर्ट नॉक्सच्या प्रसंगात आहे. वैमानिक स्त्रियांची विमाने वायू फवारत जातात, सैनिक उभ्या जागी कोसळतात आणि गोल्डफिंगरची माणसे कोठाराकडे निघतात. संवाद जवळजवळ नाहीत. साइड ड्रमचा लष्करी ठेका एकसारखा चालू असतो आणि त्यावर पितळी वाद्ये थराथराने चढत जातात. हल्ल्याला लष्करी संचलनाचा डौल दिल्यामुळे प्रेक्षक नकळत हल्लेखोरांच्या पावलाशी पाऊल जुळवतो. कथेतील योजना मोठी आहे हे सांगण्याचे काम इथे संगीताने उचलले आहे.

चित्रपट १७ सप्टेंबर १९६४ रोजी लंडनमध्ये झळकला. गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत आठव्या स्थानापर्यंत चढले. ब्रिटनमध्ये ते एकविसाव्यावरच थांबले. चित्रपटाची ध्वनिमुद्रिका मार्च १९६५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. ऑस्करसाठी मात्र या गाण्याला नामांकनही मिळाले नाही. चित्रपटाला मिळालेले एकमेव ऑस्कर ध्वनिपरिणामांसाठी नॉर्मन वॉनस्टॉल यांना गेले. बॅरी यांनी पुढे पाच ऑस्कर मिळवली, पण अकरा बाँडपटांपैकी एकासाठीही नाही. हा अन्याय आहे, असे म्हणायला संकोच वाटू नये.

गाण्याच्या यशाने मात्र मालेचा रिवाजच बदलला. पुढच्या ‘थंडरबॉल’साठी (१९६५) बॅरी यांनी वेगळ्या नावाचे गाणे तयार केले होते, परंतु गाण्यात चित्रपटाचे नाव हवेच, असा आग्रह धरला गेला आणि ऐन वेळी नवे गाणे करून टॉम जोन्स यांच्याकडून गाऊन घेतले. त्यातही शेवटचा स्वर लांबवलेला आहे. बॅसी यांनी नंतर ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ (१९७१) व ‘मूनरेकर’ (१९७९) यांची शीर्षकगीते गायली. बाँडपटांची तीन शीर्षकगीते गाणाऱ्या त्या एकट्याच. २०१३ च्या ऑस्कर समारंभात त्यांनी ‘गोल्डफिंगर’ पुन्हा रंगमंचावर सादर केले.

मूळ ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये व अमेरिकेत वेगवेगळ्या निघाल्या. लेसरच्या प्रसंगाचे संगीत फक्त ब्रिटिश आवृत्तीत, तर शीर्षकगीताची गिटारप्रधान वाद्यधून फक्त अमेरिकन आवृत्तीत होती. २००३ च्या सीडीत दोन्ही एकत्र आहेत. अभ्यासकाने तीच मिळवावी.