पार्वो : पिल्लांच्या साथीचा इतिहास

उलट्या आणि रक्ताची हगवण लागून कुत्र्याची पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावतात, तो पार्वो रोग जुना नाही. १९७८मध्ये तो अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात जवळजवळ एकदमच उफाळला आणि दोनेक वर्षांत जगभर पोहोचला. कोणत्याच कुत्र्याच्या अंगी त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. त्यामुळे पिल्लांबरोबर मोठी कुत्रीही मेली. युरोपात साठवलेले जुने रक्तनमुने तपासले, तेव्हा हा विषाणू त्याआधी काही वर्षे तिथे वावरत होता असे दिसले. तो मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया विषाणूचा सख्खा नातलग. कवचातल्या मोजक्या बदलांनी त्याला कुत्र्याच्या पेशींत वाट मिळाली.

झपाट्याने विभागणाऱ्या पेशी हे त्याचे भक्ष्य. आतड्याचे अस्तर झडते, अस्थिमज्जा खालावून पांढऱ्या पेशी घटतात आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. पहिल्या वर्षांत नवजात पिल्लांच्या हृदयाचे स्नायूही निकामी होत. पुढे माद्यांना प्रतिकारशक्ती आली, ती चिकातून पिल्लांना मिळू लागली आणि हृदयाचा हा प्रकार विरळ झाला.

साथीच्या आरंभी मांजरांचीच लस कुत्र्यांना टोचली गेली. मग अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लेलंड कारमायकेल आणि मॅक्स अॅपल यांनी विषाणू दुर्बल करून खास कुत्र्यांची लस घडवली. विषाणूही बदलत राहिला : २-ए, २-बी आणि २०००च्या सुमारास इटलीत आढळलेला २-सी. तरी लसीचे संरक्षण टिकून आहे.

अडचण निराळीच होती. आईकडून आलेली प्रतिपिंडे लसीतला विषाणूही निष्प्रभ करतात. ती ओसरतात तेव्हा काही दिवस असे येतात, की रोग रोखायला ती अपुरी, पण लस निष्फळ करायला पुरेशी असतात. हे दिवस प्रत्येक पिल्लात वेगळे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळावा आठवडा उलटेपर्यंत डोस देण्याची पद्धत रूढ झाली.

विषाणूवर थेट औषध दीर्घकाळ नव्हते. सलाइन, उलटी थांबवणारी औषधे, प्रतिजैविके आणि लवकर सुरू केलेला हलका आहार यांवरच पिल्ले वाचत आली. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक वाचतात. विषाणू जमिनीत महिनोन्महिने तग धरतो. म्हणून आजारी पिल्लू वेगळे ठेवणे, विष्ठा लगेच उचलणे आणि फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसणे हा उपचाराचाच भाग ठरला.